नाव घेऊन केलेली थट्टा

बिलकिस साखरकरला आता दोह्यात लोक टीव्हीवाली म्हणून ओळखतात. मासळीच्या काउंटरवर बायका एकमेकींना कोपर मारतात, "तीच का गो ही?" म्हणून कुजबुजतात, आणि बिलकिस सुरमईचे कल्ले उघडून बघता बघता म्हणते, "तीच मी. पण ही सुरमई माझी, हात काढा." की झाला हशा! तिला नुसतं बघितलं तरी लोकांना हसू फुटायला लागतं. पण खरं सांगायचं तर हसवणं हा काही तिचा धंदा नव्हता. तिला गायचं होतं, जन्मभर गायचंच होतं.

गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. बाप जहाजावर, आई घरी, आणि पोरगी दिवसभर गाणारी. मार खाल्ला तरी सुरात रडायची, असं तिची आई सांगायची. इलियासशी निकाह होऊन ती कतारला आली तेव्हा बॅगेत लोणचं, कोकम आणि डोक्यात गाणी, एवढंच सामान होतं. इलियास बिरकत अल अवामेरच्या कामगार वस्तीत एका कंपनीचं स्टोअर सांभाळतो. हेल्मेट द्यायची, बूट द्यायचे, सह्या घ्यायच्या. माणूस भारी अबोल. पण बायकोच्या गळ्यावर जीव. गाडीत रेडिओ म्हणून कधी लावला नाही त्याने. "तू आहेस ना," म्हणायचा आणि रस्त्याकडे बघत ऐकत बसायचा.

मग हळूहळू बिलकिसचं नाव झालं. भारतीयांच्या कार्यक्रमांत ऑर्केस्ट्रा असायचा, त्यात ती हिंदी गाणी गायची. शाळेच्या हॉलमध्ये स्टेजवर उभी राहिली की डोक्यावरची ओढणी नीट करून एक खोल श्वास घ्यायची, आणि पहिल्याच सुराला मागच्या रांगेतली चिप्स खाणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. पण तिची खरी जागा होती हळदीत.

आपल्या कोकणी मुसलमानांचं लग्न गावी लागतं, पण हळद दोह्यातही होते. नातलग इथे, मैत्रिणी इथे, मग त्यांनी काय करायचं? कुणाच्या तरी व्हिलाचा हॉल घ्यायचा, बायका-बायकाच जमायच्या. दारात एक परात ठेवलेली असते, तीत सगळ्यांनी आपापले मोबाईल टाकायचे आणि वर ओढणी झाकायची. फोटो नाही, व्हिडिओ नाही. आतलं आत. मग नवरीकडच्या बायका नवऱ्याकडच्यांना गाण्यातून चिडवतात, त्या उलट चिडवतात. अशी जुंपते की विचारू नका! या हळदींना बिलकिस नसली तर नवरीची आई तारीख बदलायची. शपथेवर सांगतो, बदलली आहे.

आणि बिलकिस आली की शेजारी ढोलकी घेऊन रुकय्याखाला. ही कुणाची सख्खी खाला, म्हणजे मावशी, नव्हे. सगळ्या दोह्याची खाला. नवरा गेल्यावर मुलाकडे, अरहानकडे राहायला आली, ती द पर्लमध्ये, समुद्रात भराव घालून बांधलेल्या त्या झगमगीत बेटावर. अरहान मोठा इंजिनिअर. घर उंचावर, बाल्कनीतून खाली बघितलं तर पांढऱ्याशुभ्र बोटी उभ्या. पण खालाला त्याचं काय कौतुक? जन्म गेला बोटी बघण्यात. तिची भीती वेगळीच होती. लिफ्ट! लिफ्टमध्ये ती एकटी पाऊल टाकायची नाही. "दार बंद झालं नि उघडलंच नाही तर?" म्हणायची. त्यामुळे कुणी खाली जाणारं भेटेपर्यंत ती बुरखा घालून दारात उभी.

चिडवायच्या गाण्यांचे कायदे बिलकिसला खालानेच शिकवले. "नाव घ्यायचं," ती म्हणायची. "ज्या बाईची थट्टा करायची तिचं नाव गाण्यात आलंच पाहिजे. ती समोर बसलेली पाहिजे. आणि तिला उत्तर द्यायची संधी मिळाली पाहिजे. समोर नाव घेऊन केली ती थट्टा. नाव न घेता, पाठीमागून केली ती गीबत. थट्टेने माणूस जवळ येतं नि गीबतीने इमान जातं. कळलं काय गो?" शेवटी दोघींनी एकमेकींच्या तोंडात साखर घालायची, म्हणजे भांडण मिटलं. जिचं नाव एकाही गाण्यात आलं नाही ती बाई घरी जाऊन तोंड फुगवून बसते, हे मी डोळ्यांनी नाही, पण कानांनी पुष्कळदा अनुभवलंय. माझी बायकोही त्यातलीच.

तर असं सगळं छान चाललेलं असताना बिलकिसच्या गळ्यात गाठ निघाली.

थायरॉईडची. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, अल्लाचे उपकार. इलियासने शुकराना म्हणून स्टोअरमधल्या झाडून सगळ्यांना बिर्याणी खिलवली. पण आवाज परत आला तो अर्धाच आला. खालचे सूर होते तसे होते, वर गेलं की गळा दगा द्यायचा. डॉक्टर म्हणाला, थांबा, येईल. बिलकिस थांबली. कोमट पाणी प्यायली, ज्येष्ठमध चघळला, शेजारणीपासून ते हकीमापर्यंत सांगतील ते केलं. नाही आला. रात्रंदिवस गाणारी बाई घरात मुकाट भांडी घासायला लागली. इलियास गाडीत रेडिओ लावायला घाबरायचा आणि न लावायलाही घाबरायचा. बिचारा.

त्यानंतरच्या पहिल्या हळदीला ती जाणारच नव्हती. खालाने फोन करकरून बोलावली. गेली. गायला बसली. पहिलं कडवं कसंबसं निभावलं आणि दुसऱ्याला वरच्या सुरावर आवाज फाटला. फाटला म्हणजे असा, की पुढचा शब्दच बाहेर येईना. नवरीने मान खाली घातली. बिलकिसला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं.

तेवढ्यात खालाने ढोलकी मांडीवर आडवी घेतली. "उतरली मेली," ती मोठ्याने म्हणाली. "एसीने नि बाहेरच्या दमट हवेने या ढोलकीचं वाटोळं केलं. थांबा गो बायांनो, कड्या आवळते. बिलकिस, तोवर काहीतरी बोल."

बिलकिसला बाकी काही कळत नसलं तरी सूर कळत होता. ढोलकी उतरलेली नव्हती. चांगली टणटणीत लागलेली होती.

तिने खालाकडे बघितलं. खाला मान खाली घालून कड्या सारख्या करण्यात गढलेली. आणि बिलकिसच्या तोंडून निघालं, "आमच्या रुकय्याखालाला ढोलकीची भीती नाही, मगरीची नाही, सासूची तर कधीच नव्हती. भीती कसली? तर लिफ्टची! परवा मी भेटायला गेले, तर ही दारात उभी. म्हटलं, कुठे निघालीस? तर म्हणते, दूध आणायला. म्हटलं, कधीपासून उभी आहेस? तर म्हणते, दूध संपलं नव्हतं तेव्हापासून!"

हॉल असा फुटला म्हणता! खाला सगळ्यांत मोठ्याने हसली. लगेच उलटून म्हणाली, "आणि ही आली ती काय घेऊन आली विचारा. हात हलवत! दूध मीच आणलं नि चहा हिनेच प्यायला." पुन्हा हशा. मग ढोलकी वाजली, गाणं बाकीच्या बायकांनी उचललं, आणि बिलकिस डोळे पुसत, हसत राहिली. ती रडतेय की हसतेय ते तिलाच कळेना.

त्या दिवसापासून रीतच पडली. गाणं बाकीच्या बायकांनी म्हणायचं आणि दोन गाण्यांच्या मधे, ढोलकीच्या कड्या आवळून होईपर्यंत, बिलकिसने बोलायचं. ढोलकीही मोठी समजूतदार. कधी कधी फारच वेळ उतरलेली राहायची! वर्षभरात अशी अवस्था आली, की बायका गाण्याला उठून पाणी प्यायला जायच्या आणि बोलण्याला परत येऊन बसायच्या. सगळ्यांत गाजला तो सुकटीचा किस्सा. झालं काय, की खालाने पर्लच्या त्या बाल्कनीत, खाली कोट्यधीशांच्या बोटी उभ्या असताना, दोरी बांधून सुके मासे वाळत घातले. अर्ध्या इमारतीला वास. सिक्युरिटीचा माणूस वर आला आणि अदबीने विचारता झाला, हे काय आहे? खाला म्हणाली, "डेकोरेशन." मग खालाने त्याच्या हातावर चार बोंबील ठेवले. तो केरळचा निघाला, खाली जाऊन म्हणाला, तक्रारीत तथ्य नाही!

हा किस्सा बिलकिस सांगायची आणि खाला मधे मधे सिक्युरिटीवाल्याचं काम करायची. दोघींची अशी जोडी जमली होती.

आता गार्गी. ही नाशिकची मुलगी, दोह्यातल्याच मुशैरिब भागात एका प्रॉडक्शन कंपनीत नोकरीला. ही कंपनी आखातातल्या आपल्या लोकांसाठी हिंदीत एक रात्रीचा कार्यक्रम करते, ‘सो गए क्या?’ म्हणून. एक सूत्रसंचालक, एक सोफा, पाहुणे, गप्पा, हसणं. गार्गी अनमची मैत्रीण. अनम म्हणजे अरहानची बायको, खालाची सून. एका हळदीला अनमने गार्गीला सोबत आणलं. मोबाईल परातीत पडलेला, त्यामुळे तिला काही रेकॉर्ड करता आलं नाही. हसून हसून पोट धरून बाहेर आली आणि पुढच्या आठवड्यात बिलकिसच्या दारात हजर.

"बिलकिसताई, आमच्या शोवर या ना. पाच मिनिटं. स्टँड-अप."

"उभी राहूनच बोलायचं? गुडघे दुखतात गो माझे."

"स्टूल देते. पण या."

बिलकिसने इलियासकडे बघितलं. बाईमाणूस टीव्हीवर, परक्या पुरुषांसमोर, लोक काय म्हणतील, नातेवाईक काय म्हणतील, हे सगळं तिच्या डोळ्यांत होतं. इलियास बराच वेळ चहा ढवळत राहिला. मग म्हणाला, "गळा गेला तेव्हा घर मुकं झालं होतं. आता बोलायला लागलीयस तर बोल. माझं नाव घे पाहिजे तर. फक्त घोरण्याचं सांगू नको." हे त्याचं त्या वर्षातलं सगळ्यांत मोठं भाषण.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी अनमचा फोन आला. "आंटी, एक रिक्वेस्ट होती. तो सुकटवाला किस्सा... तुम्ही सांगणार असाल तर प्लीज अम्मांचं नाव नका घेऊ. अरहानच्या ऑफिसमधले सगळे बघतात. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्या वेळी किती बोलले लोक, मला लिफ्टमध्ये तोंड दाखवायला नको वाटायचं. प्लीज हां."

पोरीचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. शेजाऱ्यांची बोलणी तिने खाल्ली होती. आणि बिलकिसलाही पटलं. हळदीतली परात वेगळी नि टीव्ही वेगळा. तिथे आतलं आत राहतं, इथे सगळं जग बघणार. घरातल्या माणसाची शोभा कशाला करायची? खालाला सांभाळायचं म्हणूनच तिने नाव गाळायचं ठरवलं. चांगल्या मनाने केलेली चूक ही सगळ्यांत वाईट, कारण ती करताना मन खातसुद्धा नाही.

रात्री अकराला दिसणारा कार्यक्रम दुपारी चारला होतो, हे बिलकिसला तिथे गेल्यावर कळलं. बाहेर ऊन रणरणतंय आणि आत खोट्या खिडकीत खोटी रात्र, खोटे दिवे लागलेले. "आता रात्र झालीय असं समजा," असं सगळ्यांना सांगत होते. मागच्या रांगेत इलियास इस्त्रीचा शर्ट घालून हात मांडीवर ठेवून बसलेला. बिलकिस स्टुलावर बसली, ओढणी नीट केली, खोल श्वास घेतला. गायच्या आधी घ्यायची तसाच.

आणि बोलली. आपल्या कोकणी वळणाच्या हिंदीत इलियासची थट्टा केली, नाव घेऊन. "मेरा इलियास स्टोअर में काम करता है. घर में भी चमचा लिया तो बोलता है, साइन कर." मग सुकट. "हमारे पडोस में एक बुढ़िया रहती है..." असं म्हणून सगळा किस्सा सांगितला. लोक हसून खुर्चीवरून पडायचे बाकी. सूत्रसंचालकाने टाळ्या वाजवल्या. गार्गी कॅमेऱ्यामागे दोन्ही अंगठे वर करून नाचत होती.

एकच गोष्ट बिलकिसला खटकली. ‘डेकोरेशन’ म्हणून झाल्यावर ती सवयीने थांबली होती. हळदीत इथे खाला बोलते. इथे कुणीच बोललं नाही. हशा आला, ओसरला आणि पुढे नुसतं शांत.

कार्यक्रम गुरुवारी दाखवला. शुक्रवारी फुजैल दळवीच्या मुलीची हळद होती. बिलकिस पोचताच बायकांनी तिला घेरलं. "बघितलं गो तुला! काय बोललीस!" बिरकतच्या मेसमध्ये तर म्हणे मोबाईलवर बघून पोरं इलियासकडे चमच्यासाठी सही मागत होती, आणि तो कधी नव्हे ते हसत सही देत होता. बिलकिस फुलून गेली. परातीत मोबाईल टाकून आत आली आणि खालाला शोधायला लागली.

खाला आपल्या जागी बसली होती. समोर ढोलकी आडवी ठेवलेली. ढोलकीवर तिची पर्स. पर्सवर तिचे दोन्ही हात. शेजारी अनम.

"खाला, ढोलकी घे ना," नवरीची आई म्हणाली.

"उतरली आहे," खाला म्हणाली.

"मग आवळ ना कड्या."

"माझ्याने व्हायची नाही. म्हातारी बाई मी. शेजारची."

ती जाऊन खालासमोर खाली जमिनीवर बसली. "खाला, राग आला तुला? मी तर नाव घेतलं नाही. एका अक्षराने सांगितलं नाही तू कोण ते."

"तेच तर!" खालाचा आवाज चढला. "इलियासचं नाव घेतलंस. त्याची थट्टा झाली. माझी काय झाली गो? माझी गीबत झाली. माझी सुकट नेलीस टीव्हीवर, मला न्यायला लाजलीस?"

"अम्मा, मीच आंटींना..." अनम हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला, तूच सांगितलं असशील," खाला तिच्याकडे न बघता म्हणाली. "तू लाजतेस ते मी समजू शकते, पोरी. तुला त्या बिल्डिंगीत राहायचंय. पण ही? हिला मी शिकवलं!" मग बिलकिसकडे वळून म्हणाली, "मी या मुलखात आले तेव्हापासून माझं नाव कुणी घेतं काय? नवरा घ्यायचा, तो गेला. भावंडं गावी. घरात मी अम्मा. सिक्युरिटीला मी मामा, म्हणजे इकडच्या बोलीत आई. दवाखान्यात तर नंबर पुकारतात, माणूस नाहीच. ही हळद असते तेव्हा तू म्हणतेस, आमची रुकय्या. तेवढ्यासाठी येते मी. ढोलकी काय, कुणीही बडवील. ते नाव होतं तेही तू काढून घेतलंस, नि वर म्हातारी म्हणालीस."

बिलकिसच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिला ती दुपार आठवली, आवाज फाटला होता ती, आणि ती न उतरलेली ढोलकी. तिने खालाचे हात धरले. "चुकलं माझं, खाला. माफ कर. आत्ता नाव घेते, इथे सगळ्यांसमोर घेते."

खालाने हात सोडवून घेतले नाहीत. पण मान हलवली. "इथे काही झालंच नव्हतं. तिथे केलंस ते तिथे निस्तर."

त्या हळदीला गाणी झाली, पण ढोलकीशिवाय. नुसत्या टाळ्यांवर. हळद कसली, शोकसभा म्हणा.

दुसऱ्या आठवड्यात गार्गी नाचतच आली. "ताई, तुमची म्हातारी हिट झाली! सर म्हणाले दर आठवड्याला सेगमेंट द्या. आणि ऐका तर, आमचा एक नट आहे, तो साडी नेसून, केसांचा पांढरा टोप घालून म्हातारी करणार. तुम्ही फक्त मधे मधे बोला. ‘पडोसवाली बुढ़िया’ असं नावच ठेवलंय."

काय सांगू तुम्हाला! दर आठवड्याला टीव्हीवर. ज्या बाईच्या गळ्यातून देवाने गाणं काढून घेतलं तिच्या पुढ्यात हे असं ताट वाढून आलेलं. बिलकिसला ते हवं होतं. फार हवं होतं. खोटं कशाला बोला? स्टुलावर बसल्यावर पहिला हशा आला तेव्हा तिला वाटलं होतं, माझा वरचा सूर मला सापडला. तो आता सोडायचा?

ती उठून स्वयंपाकघरात गेली. रिकाम्या कढईकडे बघत उभी राहिली. मग बाहेर येऊन म्हणाली, "गार्गी, म्हातारी नाही मिळणार. रुकय्या मिळेल. रुकय्या हुसेन फणसोपकर. ती समोर बसेल, मी नाव घेईन नि ती उत्तर देईल. टोप नाही, नट नाही. चालत असेल तर सांग. नसेल तर खलास, मी आपली हळदीत बरी."

"ताई, सर नाही म्हणतील. खालांना हिंदी येतं का?"

"तुझ्या सरांना कोकणी येतं का विचार."

गार्गीचं तोंड एवढंसं झालं. ती गेली. दिवस गेले, फोन नाही. बिलकिसने आशा सोडली. इलियास संध्याकाळी घरी आला की तिच्याकडे बघायचा आणि काही न विचारता डबा घासायला न्यायचा. एक दिवस मात्र म्हणाला, "बरोबर केलंस." तेवढं बोलून आंघोळीला गेला. मग एका सकाळी गार्गीचा फोन आला. सर म्हणाले, एकदा करून बघू, फसलं तर कापून टाकू.

खालाला न्यायला बिलकिस स्वतः पर्लला गेली. खाला दारात उभी होती, बुरखा, वर मोगऱ्याचं अत्तर, हातात पिशवीत घातलेली ढोलकी. शेजारी अनम. अनमचा चेहरा उतरलेला होता, पण तिने खालाची ओढणी नीट करून दिली आणि म्हणाली, "अम्मा, पाणी प्या थोडं." लिफ्टमध्ये खालाने बिलकिसचा हात घट्ट धरून ठेवला आणि खाली पोचेपर्यंत कलमा म्हणत राहिली.

पुन्हा दुपारी चारची रात्र. खाला पहिल्या रांगेत, मांडीवर ढोलकी. सूत्रसंचालक काहीतरी विनोद करायला गेला, तर खालाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो सोफ्यावर जाऊन बसला. बिलकिस उभी राहिली. स्टूल घेतलंच नाही. फाटक्या गळ्याने, खालच्या सुरात, ती गायला लागली. आवाज फाटला त्या हळदीनंतर पहिल्यांदा, एकटी:

"रुकय्याबाय गो रुकय्याबाय,
पर्लात बांधलंस घर,
खाली उभ्या बोटी गो
नि सुकट वाळते वर!"

ढोलकीवर थाप पडली. कुणाला शब्द कळले, कुणाला नाही, पण हशा उसळला. बिलकिस थांबली. गार्गीने श्वास रोखलेला. आणि खाला, जिला हिंदी धड येत नाही, जी लिफ्टला भिते, ती ढोलकी वाजवत वाजवत उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"बिलकिसबाय गो बिलकिसबाय,
टीव्हीवर करतेस तोरा,
घरी पाहुणा आला तर
चहा पाजतेस कोरा!"

मग काय विचारता! मागच्या रांगेतून सगळ्यांत मोठा आवाज आला तो इलियासचा. तो अबोल माणूस टाळ्या वाजवत ओरडत होता, "खरं आहे! खरं आहे!" खाला इतक्यावर थांबते होय? तिने बिलकिसच्या दुधाची, इलियासच्या सह्यांची, सूत्रसंचालकाच्या खोट्या खिडकीची सालटी काढली. शेवटी कॅमेऱ्याकडे सरळ बघत हिंदीत म्हणाली, "मेरा नाम रुकय्या हुसेन फणसोपकर. बुढ़िया नहीं." मग पर्समधून साखरेची पुडी काढली, चिमूटभर बिलकिसच्या तोंडात घातली आणि आपलं तोंड उघडून उभी राहिली. बिलकिसने तिच्या तोंडात साखर घातली.

काही कापलं नाही. सगळं दाखवलं.

शुक्रवारी सकाळी अनमचा फोन आला. बिलकिसने धास्तावूनच उचलला. अरहान चिडला असेल, बिल्डिंगच्या ग्रुपवर काही झालं असेल.

"आंटी," अनम म्हणाली. "अम्मा घरात नाहीयेत."

"म्हणजे? कुठे गेली?"

"खाली. सकाळी मी त्यांना लिफ्टने खाली नेलं, तर तो सिक्युरिटीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, गुड मॉर्निंग, रुकय्याजी. रिसेप्शनची मुलगीपण म्हणाली. मग अम्मा घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, दूध आणते. दूध आहे आंटी, मी दाखवलं त्यांना." अनम मधेच थांबली. ती रडत होती. "त्या एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. परत आल्या. आणि आता म्हणे कोथिंबीर राहिली."